मंद लॅपटॉप आणि व्हायरसची शंका : प्रश्न एक नाही, दोन आहेत

वाचकाचे पत्र : माझा लॅपटॉप सहा वर्षांचा आहे. त्यात विंडोज १०, ४ जीबी रॅम आणि १ टीबीची हार्ड डिस्क आहे. गेले दोन महिने तो सुरू होऊन कामाला लागायलाच दहा-बारा मिनिटे घेतो. पडद्याच्या कोपऱ्यात ‘आपल्या संगणकात ५ व्हायरस सापडले आहेत’ अशा सूचना सतत येतात आणि ब्राउझर उघडला की नेहमीचे सोडून भलतेच शोधपान समोर येते. माझ्या भाच्याने दोन अँटिव्हायरस आणि वेग वाढवणारे एक सॉफ्टवेअर घालून दिले. ते सॉफ्टवेअर १,३०० त्रुटी दाखवते आणि त्या दुरुस्त करायला पैसे मागते. मध्यंतरी ऑफिसचे सॉफ्टवेअर परवान्याशिवाय चालावे म्हणून त्यानेच कुठलासा ‘ॲक्टिव्हेटर’ चालवला होता. माझे बँकेचे व्यवहार याच लॅपटॉपवर होतात. सगळे म्हणतात, फॉरमॅट करून टाका. करू का?

स. न. वि. वि.

आपण एक प्रश्न विचारला आहे, पण आपल्या पत्रात दोन प्रश्न आहेत आणि त्यांची गाठ सोडवल्याशिवाय उत्तर देता येणार नाही. लॅपटॉप मंद का झाला, हा पहिला. त्यात नको ते काही शिरले आहे का, हा दुसरा. आपण, आपला भाचा आणि सल्ला देणारे सगळे जण पहिल्याचे उत्तर दुसऱ्यात शोधत आहेत. माझ्या मते आपला लॅपटॉप मंद होण्याचे मुख्य कारण व्हायरस नाही. पण आपल्या पत्रात व्हायरसची खरी शंका घ्यावी असे एक वाक्य आहे, आणि त्याचा मंदपणाशी संबंध असेलच असे नाही.

मंद संगणक म्हणजे व्हायरस ही समजूत अगदीच निराधार नव्हती. नोव्हेंबर १९८८मध्ये रॉबर्ट मॉरिस या अमेरिकी विद्यार्थ्याने सोडलेला ‘वर्म’, म्हणजे स्वतःच्या प्रती काढत पसरणारा प्रोग्रॅम, इंटरनेटवर पसरला तेव्हा त्याने कोणाच्या फाइल पुसल्या नाहीत की काही चोरले नाही. या संगणकात आपली प्रत आधीच आहे का, हे तो तपासत असे. पण उत्तर ‘आहे’ असे आले तरी सातांपैकी एका वेळी तो ते न मानता तिथेच ठाण मांडत असे. त्यामुळे एकाच संगणकात प्रतींवर प्रती साचत गेल्या आणि यंत्रे अक्षरशः दमून थांबली. त्या काळी मंदपणा हेच रोगाचे लक्षण होते.

आता तसे राहिलेले नाही. आजचे बहुतेक मालवेअर, म्हणजे व्हायरससारखे घातक प्रोग्रॅम, पैशासाठी लिहिलेले असते, आणि चोराला घरातल्यांनी जागे व्हावे असे कधीच वाटत नसते. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि लॉगिनच्या कुकीज (पासवर्ड पुन्हा न विचारता खाते उघडे ठेवणाऱ्या छोट्या नोंदी) उचलणारा एखादा चोरटा प्रोग्रॅम काही मिनिटांत काम उरकतो, माल बाहेर पाठवतो आणि अनेकदा स्वतःला पुसून टाकतो. त्याने लॅपटॉप मंद होत नाही. म्हणून ‘लॅपटॉप झकास चालतो, म्हणजे काही नाही’ हा निष्कर्ष जितका चुकीचा, तितकाच ‘मंद आहे, म्हणजे नक्कीच काहीतरी आहे’ हाही.

पण निदानाआधी दोन गोष्टी आजच करा. या लॅपटॉपवरून बँकेचे व्यवहार थांबवा आणि त्यावर कुठलाही पासवर्ड टाइप करू नका. आवश्यक असेल तर दुसरे उपकरण वापरा. मग फोटो, कागदपत्रे, हिशेबाच्या फाइल, म्हणजे जे परत मिळवता येणार नाही ते सर्व, बाहेरच्या ड्राइव्हवर उतरवून घ्या आणि काम होताच तो ड्राइव्ह काढून ठेवा. प्रोग्रॅम आणि त्यांच्या सेटअप फाइल मात्र उतरवू नका, कारण संसर्ग असेल तर तो त्यांच्याबरोबरच प्रवास करतो. तत्पूर्वी फाइल एक्स्प्लोररच्या ‘व्ह्यू’ मेनूतून फाइलनावांची शेपटे, म्हणजे फाइलचा प्रकार सांगणारी शेवटची अक्षरे, दिसतील असे करा. फोटोचे चित्र आणि फोटोचेच नाव घेतलेल्या एखाद्या फाइलच्या शेवटी ‘ईएक्सई’ असेल तर तो फोटो नाही, प्रोग्रॅम आहे.

बॅकअप आधी घ्या, असे मी इतक्या आग्रहाने सांगतो याला माझाच एक मूर्खपणा कारण आहे. एका नातेवाइकाचा असाच रखडणारा लॅपटॉप मी दोन संध्याकाळी तीन वेगवेगळ्या स्कॅनरांनी तपासत बसलो. काहीच सापडले नाही आणि तिसऱ्या दिवशी तो सुरूच झाला नाही. डिस्क मरणपंथाला लागली होती. पूर्ण स्कॅन म्हणजे डिस्कवरची प्रत्येक फाइल वाचणे. त्या आजारी डिस्कला मी दोन दिवस धावायला लावले होते. दोन वर्षांचे फोटो गेले.

आता मंदपणाकडे वळू. लॅपटॉप सुरू करून पाच मिनिटे त्याला हात लावू नका. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात सीपीयू, मेमरी आणि डिस्क असे रकाने टक्केवारीसह दिसतील. आपल्या बाबतीत डिस्कचा रकाना बराच वेळ १०० टक्क्यांना चिकटलेला आणि मेमरी ८०-९० टक्क्यांच्या घरात दिसेल, असा माझा अंदाज आहे. तो खरा ठरला तर कारण पुढीलप्रमाणे.

सहा वर्षांपूर्वीच्या लॅपटॉपमधल्या १ टीबीच्या हार्ड डिस्क बहुधा मिनिटाला ५,४०० फेरे घेणाऱ्या असतात, म्हणजे सेकंदाला ९०. एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती वाचणाऱ्या टोकाखाली यायला सरासरी अर्धा फेरा जातो, आणि ते टोक योग्य वर्तुळावर सरकण्यात आणखी दहा-बारा मिलिसेकंद. हिशेब केला तर डिस्कवर विखुरलेल्या छोट्या फाइल अशी डिस्क सेकंदाला फार तर साठ-सत्तर वेळा वाचू शकते. विंडोज सुरू होताना मात्र अशा हजारो छोट्या वाचनांची रांग लागते. त्यातच ४ जीबी रॅम अपुरी पडली की विंडोज रॅममधला ऐवज डिस्कवर नेऊन ठेवते आणि लागेल तसा परत आणते, म्हणजे आधीच दमलेल्या हमालाच्या डोक्यावर दुसरे ओझे. फिरणारा भाग नसलेली एसएसडी हेच काम सेकंदाला हजारो वेळा करते. तिला टोक सरकवायचे नसते आणि फेऱ्याची वाटही पाहायची नसते.

इथे आपल्या भाच्याने केलेला उपाय आठवून पाहा. अँटिव्हायरस प्रत्येक फाइल उघडताना ती तपासतो. दोन अँटिव्हायरस एकाच वेळी जागे असतील तर प्रत्येक फाइलची झडती दोनदा होते, आणि एकाने उघडलेली फाइल दुसऱ्याला संशयास्पद वाटण्याचे प्रकारही घडतात. संरक्षण दुप्पट होत नाही, खोळंबा मात्र होतो. दोन्ही काढून टाका. सेटिंगमधील ॲप्सच्या यादीतून ते निघाले नाहीत, तर त्या त्या कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावर ते समूळ काढण्याचे साधन मिळते. विंडोज १०मध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडर हा अँटिव्हायरस मुळातच असतो. बाहेरचा अँटिव्हायरस आला की तो बाजूला होतो आणि बाहेरचा गेला की सहसा आपोआप परत कामावर येतो. घरगुती वापराला तो पुरेसा आहे, असे माझे मत आहे.

वेग वाढवणारे सॉफ्टवेअरही त्याच वेळी काढा. ते ज्यांना त्रुटी म्हणते त्या बहुतेक रजिस्ट्रीतील, म्हणजे विंडोज आपल्या सेटिंग जिथे साठवते तिथल्या, जुन्या, निरुपद्रवी नोंदी असतात. लाखो नोंदींच्या त्या कोठारात हजारभर निरुपयोगी नोंदी राहिल्या म्हणून संगणक मंद होत नाही. उलट भलती नोंद पुसली गेली तर एखादा प्रोग्रॅम चालेनासा होऊ शकतो. रजिस्ट्री साफ करणाऱ्या साधनांना मायक्रोसॉफ्टचाही पाठिंबा नाही. आणि भीती दाखवून पैसे मागणारे सॉफ्टवेअर डिफेंडरसारखे अँटिव्हायरस स्वतःच ‘नको असलेले ॲप’ या वर्गात टाकतात. कुंपणानेच शेत खावे तसा हा प्रकार आहे.

एवढे झाल्यावर टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप’ भागात जा आणि लॅपटॉपबरोबर आपोआप सुरू होणारे, पण आपल्याला रोज न लागणारे प्रोग्रॅम बंद करा. पुढे ‘परफॉर्मन्स’मध्ये डिस्कवर क्लिक केले की तिचा सरासरी प्रतिसादकाळ मिलिसेकंदांत दिसतो. वाचन अगदी नाममात्र चालू असताना हा आकडा वारंवार शेकड्यांत किंवा हजारांत जात असेल, किंवा डिस्कमधून टकटक ऐकू येत असेल, तर ती डिस्क नुसती मंद नाही, आजारी आहे. तसे असेल तर पुढचे सगळे स्कॅन विसरा आणि थेट डिस्क बदलण्याकडे या. पंखा धुळीने भरला असेल आणि लॅपटॉप खूप तापत असेल तर प्रोसेसर स्वतःहून वेग कमी करतो, तेही एकदा पाहून घ्या.

आता दुसरा प्रश्न. कोपऱ्यात येणाऱ्या ‘५ व्हायरस सापडले’ या सूचना बहुधा कोणत्याही अँटिव्हायरसच्या नाहीत. अशी सूचना नीट न्याहाळली तर बारीक अक्षरांत ब्राउझरचे नाव आणि एखादा अनोळखी संकेतपत्ता दिसतो. कधीतरी कुठल्या पानाने ‘आपण यंत्रमानव नाही हे सिद्ध करण्यासाठी ‘अलाउ’ (परवानगी द्या) हे बटण दाबा’ असे म्हटले असेल आणि कोणीतरी ते दाबले असेल. त्या एका बटणाने त्या पानाला आपल्या पडद्यावर हवे ते लिहिण्याची परवानगी मिळते. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये साइट सेटिंगखाली ‘नोटिफिकेशन्स’ उघडा आणि ओळखीचे नसलेले सगळे पत्ते काढून टाका. सूचना तिथेच थांबतील. तोपर्यंत त्यांतल्या कशावरही क्लिक करू नका, आणि फोन नंबर देणारी सूचना आली तर ती खोटीच समजा, कारण मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनांमध्ये फोन नंबर कधीही नसतो.

शोधपान बदलण्यामागे बहुतेक वेळा एखादे एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडलेला छोटा पूरक प्रोग्रॅम, असते. ब्राउझरमधील एक्स्टेंशनची यादी उघडा. आपण स्वतः घातलेले नाही किंवा कशासाठी आहे ते सांगता येत नाही, असे प्रत्येक काढा आणि मग ब्राउझरची सेटिंग मूळ स्थितीला आणा. काढलेले एक्स्टेंशन दुसऱ्या दिवशी परत आले तर घाबरू नका. ब्राउझर आपल्या खात्याशी सिंक होत असेल तर दुसऱ्या उपकरणावरून ते पुन्हा उतरते, म्हणून तिथूनही काढावे लागते. मात्र ब्राउझरच्या मेनूत ‘हा ब्राउझर आपल्या संस्थेच्या नियंत्रणात आहे’ अशा अर्थाची ओळ दिसत असेल आणि लॅपटॉप कोणत्याही कार्यालयाचा नसेल, तर बाहेरून येऊन कोणीतरी धोरणे लादली आहेत असा त्याचा अर्थ होऊ शकतो. काही अँटिव्हायरसमुळेही ती ओळ येते, म्हणून ते दोन्ही काढल्यावरच ती तपासा.

इथपर्यंतचे सगळे त्रासदायक, पण किरकोळ. मला काळजी वाटते ती आपण ओघात लिहून गेलेल्या ॲक्टिव्हेटरची. अशी साधने चालवण्याआधी ‘अँटिव्हायरस बंद करा’ अशी सूचना जवळपास नेहमी असते आणि लोक ती निमूटपणे पाळतात. म्हणजे पहारेकऱ्याला आपणच झोपवतो आणि अनोळखी माणसाला मालकाचे अधिकार देऊन आत घेतो. त्याच्याबरोबर पासवर्ड चोरणारा किंवा आपल्या प्रोसेसरवर दुसऱ्यासाठी क्रिप्टोचलन कमावणारा प्रोग्रॅम येणे ही नित्याची गोष्ट आहे. भाच्यावर रागवू नका. कोणत्या दिवशी, कोणती फाइल, कुठून आणली एवढे त्याच्याकडून शांतपणे काढून घ्या. ती माहिती उपयोगी आहे, आणि रागावल्यावर ती मिळत नाही.

विंडोज सिक्युरिटी उघडून ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’च्या सेटिंगमध्ये खालच्या बाजूला ‘एक्सक्लूजन्स’ ही यादी असते. तिच्यातल्या फाइल आणि फोल्डर डिफेंडर तपासत नाही. आपण स्वतः काही घातले नसेल तर ही यादी रिकामी हवी. तिथे एखादा फोल्डर, किंवा सगळाच्या सगळा सी ड्राइव्ह आढळला, तर आजवरचे सगळे ‘काही सापडले नाही’ निकाल फुकट होते असे समजा. यादी रिकामी करा, डिफेंडर अद्ययावत करा, आणि मग स्कॅनच्या पर्यायांतून ‘ऑफलाइन स्कॅन’ निवडा. लॅपटॉप पुन्हा सुरू होईल आणि नेहमीची विंडोज जागी होण्याआधीच तपासणी होईल, त्यामुळे चालू विंडोजमध्ये लपून बसणाऱ्यांना आडोसा मिळत नाही. मायक्रोसॉफ्टच्या म्हणण्यानुसार याला साधारण १५ मिनिटे लागतात. आपल्या डिस्कवर जास्त लागतील. चार्जर लावून ठेवा आणि मध्येच बंद करू नका. त्यानंतर दुसरे मत म्हणून मालवेअरबाइट्ससारख्या एखाद्या स्कॅनरची मोफत आवृत्ती एकदा चालवा, निकाल पाहा आणि ती काढून टाका.

क्रिप्टोचलन कमावणाऱ्या प्रोग्रॅमबद्दल एक गंमत सांगण्यासारखी आहे. त्यांपैकी काही टास्क मॅनेजर उघडताच काम थांबवतात. काही न करता पंखा जोरात फिरत असेल आणि टास्क मॅनेजर उघडल्यावर थोड्याच वेळात शांत होत असेल, तर शंका घ्यायला जागा आहे. पण एवढ्यावरून आरोप सिद्ध होत नाही. विंडोजची स्वतःची देखभालीची कामेही लॅपटॉप रिकामा असताना चालतात आणि आपण माउस हलवला की थांबतात.

स्कॅनमध्ये काही सापडो वा न सापडो, पासवर्ड बदलाच. वर म्हटल्याप्रमाणे चोरी करून निघून गेलेला प्रोग्रॅम कोणत्याही स्कॅनला दिसत नाही. हे काम या लॅपटॉपवरून नको, दुसऱ्या विश्वासाच्या उपकरणावरून करा. सुरुवात ईमेलपासून, कारण बाकी बहुतेक खात्यांचे पासवर्ड त्याच पत्त्यावरून बदलता येतात; त्यानंतर बँक, मग इतर. नुसता पासवर्ड बदलून भागत नाही. चोरलेल्या कुकीने लॉगिन केलेल्या माणसाला पासवर्ड विचारलाच जात नाही, म्हणून प्रत्येक खात्यात ‘सर्व उपकरणांवरून साइन आउट’ हा पर्याय वापरा आणि दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करा. ईमेलच्या सेटिंगमध्ये आपली पत्रे कुठल्या अनोळखी पत्त्यावर पुढे पाठवली जात नाहीत ना, आणि खाते परत मिळवण्यासाठी दिलेला फोन आपलाच आहे ना, हेही पाहा. बँकेच्या खात्याचे गेल्या दोन महिन्यांचे व्यवहार ओळीने वाचा; अनोळखी व्यवहार दिसला तर बँकेला लगेच कळवा.

आता आपला मूळ प्रश्न, फॉरमॅट करू का? माझे उत्तर होकारार्थी आहे, पण आपल्याला सांगितले गेले त्या कारणासाठी नाही आणि त्या डिस्कवरही नाही. जुन्याच डिस्कवर विंडोज नव्याने घातली तर ॲक्टिव्हेटरची भीती जाईल, पण मंदपणा काही आठवड्यांत परत येईल; आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असे होईल. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवा आणि नवी विंडोज तिच्यावर घाला. लॅपटॉपमध्ये जागा असेल तर रॅम ८ जीबी करा. दोन्हींपैकी एकच जमणार असेल तर आधी एसएसडी. कोणती बसेल हे लॅपटॉपच्या मॉडेलवर ठरते, तेवढे खात्री करून घ्या.

विंडोज कोणती, हाही मुद्दा यानिमित्ताने निकाली काढा. विंडोज १०चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे आणि सुरक्षेचे अपडेट नसलेल्या विंडोजवर बँकेचे व्यवहार करणे योग्य नाही. आपला लॅपटॉप विंडोज ११ला पात्र आहे का, हे मायक्रोसॉफ्टचे ‘पीसी हेल्थ चेक’ हे ॲप सांगते. सहा वर्षांपूर्वीचे बरेच लॅपटॉप पात्र ठरतात. विंडोज घालण्यासाठीचा पेन ड्राइव्ह, किमान ८ जीबीचा, मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत साधनाने आणि दुसऱ्या, निरोगी संगणकावर तयार करा. संशयित लॅपटॉपवर तो बनवण्यात अर्थ नाही. डिस्क काढण्याआधी तिच्यावर बिटलॉकरचे, म्हणजे डिस्कवरची माहिती कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या सोयीचे, कुलूप आहे का ते पाहा आणि असल्यास त्याची ४८ अंकी किल्ली कागदावर उतरवून ठेवा. नव्या विंडोजवर ऑफिसचे सॉफ्टवेअर एकतर परवान्यासह घाला, नाहीतर लिब्रेऑफिस वापरा, ते मोफत आहे आणि घरच्या पत्रांना व हिशेबांना पुरते.

बॅकअपमधील फाइल परत आणण्याआधी तो ड्राइव्ह नव्या विंडोजवरील डिफेंडरने तपासून घ्या. ब्राउझरमध्ये साठवलेले जुने पासवर्ड परत आणू नका, ते आता बदललेलेच असतील. आणि काढलेली जुनी हार्ड डिस्क लगेच पुसू नका किंवा कोणाला देऊन टाकू नका. बॅकअप घेताना एखादा फोल्डर राहून गेला हे माणसाला बहुधा महिन्याभराने कळते. निदान दोन-तीन महिने ती नाव आणि तारीख लिहून, कशालाही न जोडता, कपाटात ठेवा.